देवीच्या नावातला ‘ज्र’

तुळशीची लग्नं लागली की अंबाडी नाक्यावरच्या पत्रिकेच्या दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. भिवंडी-वाडा रस्ता आणि वज्रेश्वरीमार्गे शिरसाडला जाणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात, त्यामुळे पंचक्रोशीची सगळी कामं नाक्यावरच उरकतात. भात झोडून घरात आलेलं असतं, हाताशी चार पैसे असतात, आणि मुलीचा बाप, मुलाचा काका, कधी स्वतः नवरामुलगा वहीच्या कागदावर मजकूर लिहून आणतो. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून यातले पुष्कळ कागद आधी माझ्याकडे येतात. शुद्धलेखन बघा, मानकऱ्यांचा क्रम बघा, कुणाचं नाव राहून गेलं नाही ना तेवढं बघा. मग बरेचदा मीही त्यांच्यासोबत दुकानात जातो.

मजकूर ठरतो, कार्ड ठरतं, आणि दुकानदार विचारतो, “अक्षर कुठलं घ्यायचं?” पडद्यावर तो एकाच नावाचे निरनिराळे अवतार दाखवतो. सरळ, ठसठशीत, गोलसर, आणि सगळ्यांत खाली कलमानं लिहिल्यासारखे. ज्यांच्या वेलांट्या लांबवर झुकतात आणि ज्यांचे काने खाली येता येता बारीक होत जातात. बोट जवळपास नेहमी या शेवटच्या गटावर जातं. एका वधूपित्यानं असंच बोट ठेवलं आणि सांगितलं, “सर, बाकी कसंही चालंल, देवीचं नाव तेवढं बरोबर पायजे.” देवी म्हणजे वज्रेश्वरी. आमच्या भागातल्या कित्येक पत्रिकांच्या माथ्यावर तिचं नाव असतं. त्या माणसाचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. अक्षराच्या सौंदर्याची एवढी नेमकी कसोटी मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

ज्यानं आयुष्यात फाँटचा विचार कधी केलेला नसतो, तो माणूस इथे इतक्या ठामपणे निवड करतो, ती कशाच्या जोरावर? माझी समजूत अशी, की त्याला त्या अक्षरात कुणाचा तरी हात दिसतो. आपल्या घरच्या कार्यासाठी कुणीतरी बैठक मारली, टाक उचलला, मुलीचं नाव मन लावून काढलं, असं ते अक्षर सांगतं. सातबारावर, रेशनकार्डावर, मतदारयादीत आपलं नाव असतंच. पण तिथे ते नोंदलेलं असतं. पत्रिकेवर ते मिरवतं. साध्या माणसाचं नाव मोठ्या आकारात, पानाच्या मधोमध, डौलदार अक्षरात छापलं जाण्याचे प्रसंग आयुष्यात किती थोडे येतात! त्या थोड्या प्रसंगांची जबाबदारी ज्या अक्षरांवर आहे, ती कशी घडतात, कुठे जमतात आणि कुठे फसतात, हे नीट पाहायला हवं.

हातानं लिहिणारा कलावंत आणि फाँट घडवणारा कलावंत यांची कामं दिसायला सारखी असली तरी त्यांच्यापुढचे पेच वेगळे आहेत. हातानं लिहिणाऱ्याला सबंध शब्द आधी दिसतो. कुठे जागा मोकळी आहे, कुठल्या अक्षराची शेपटी लांबवता येईल, कुठे हात आखडता घ्यायला हवा, हे तो लिहिता लिहिता ठरवतो. त्याचं अक्षर त्या एका शब्दापुरतं असतं. फाँट करणाऱ्याला मात्र अशी पंगत मांडायची असते, जिथे कोण पाहुणा कुणाच्या शेजारी येऊन बसेल हे त्याला कधीच कळणार नसतं. त्यानं काढलेला ‘क’ उद्या कुठल्या ‘ळ’ला लागून उभा राहील, कुठल्या उकारावर कुठला रफार येईल, हे ठरवणारा माणूस अंबाडीच्या दुकानात बसलेला असतो आणि त्या दोघांची गाठ कधी पडत नाही. म्हणून प्रत्येक अक्षराला डौल द्यायचा, पण त्याचं कोपर शेजाऱ्याला लागणार नाही हेही बघायचं. अनोळखी नावांसाठी आधीच करून ठेवलेला हा विचार म्हणजेच या कलेचा गाभा आहे, असं मला वाटतं.

देवनागरीत हा विचार किती करावा लागतो ते एका वेलांटीवरून कळतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते आणि तिची कमान अक्षरावरून पुढे जाऊन त्याच्या दंडाला भेटते. ‘रि’मधली कमान आखूड हवी, ‘पि’मधली थोडी मोठी, ‘क्ति’मधली आणखी मोठी. एकच वेलांटी सगळीकडे लावली तर कुठे ती दंडाच्या अलीकडेच अडखळते, कुठे पलीकडे डोकावते. चांगला आरेखक वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या काढून ठेवतो आणि कुठल्या अक्षराला कुठली लावायची याचे नियम फाँटमध्ये लिहून ठेवतो. जोडाक्षरांचं तेच. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा हस्ताक्षरी वळणाचा फाँट आहे; त्यातल्या देवनागरी आणि रोमन आकारांची बेरीज हजारावर जाते. रोमन लिपीपुरता सुलेखनी फाँट काढणाऱ्याच्या आणि आपल्याकडच्या आरेखकाच्या कष्टांत केवढा फरक आहे, ते यावरून लक्षात यावं.

या अक्षरांचा डौल येतो लेखणीच्या टोकातून. शाळेत मी मुलांना बांबूच्या कामटीची लेखणी करून दाखवतो. कामटी तासायची, टोक पातळ करायचं, मध्ये बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक तिरपं छाटायचं. ही शेवटची छाट कुठल्या बाजूला कलती ठेवायची यात सगळं आहे. देवनागरीसाठी टोक ज्या बाजूला कलतं छाटतात, त्याच्या उलटा कल रोमन सुलेखनात असतो. लेखणी तीच, हात तोच. पण कल बदलला की रेघ कुठे भरते आणि कुठे बारीक होते हे सगळं फिरतं. आमच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. चुकीच्या कलाच्या लेखणीनं ‘ग’ काढला की ती स्वतःच म्हणतात, “सर, हे कायतरी उलटं वाटतं.” पुष्कळ सुलेखनी फाँट इथेच फसतात. इंग्रजी पत्रिकेच्या अक्षरांचा झोक पाहून तसाच्या तसा देवनागरीवर चढवलेला असतो. डोळ्याला खटकतं, पण काय खटकतं ते सांगता येत नाही. जाडी चुकीच्या जागी आलेली असते.

शिरोरेघेचा प्रश्न त्याहून अवघड. वहीत आपण शब्द लिहितो आणि वरून एक रेघ ओढतो. फाँटमध्ये तसं करता येत नाही. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ डोक्यावर घेऊनच येतं आणि शेजाऱ्याच्या रेघेत ती मिसळते. रेघ एकसारख्या जाडीची असेल तर सांधा कळत नाही. पण लेखणीनं ओढलेली रेघ एकसारखी कधीच नसते. ती सुरुवातीला भरते, मध्ये हलकी होते, शेवटी पुन्हा टेकते. हा चढउतार प्रत्येक अक्षरावर आणला तर शब्दाच्या डोक्यावर तुकडे जोडल्यासारखे दिसतात. कुणी म्हणून रेघ सपाट ठेवतात, कुणी ती जागोजाग तोडतात, कुणी अजिबात गाळतात. गाळलेली रेघ मोठ्या शीर्षकात छान मोकळी दिसते; चार ओळींच्या मजकुरात मात्र शब्दांना आधार उरत नाही.

आता त्या वधूपित्याच्या मागणीकडे येऊ. ‘वज्रेश्वरी’ हा शब्द पडद्यावर मोठा करून पाहिला की अक्षराचं पाणी लगेच जोखता येतं. सुरुवातीचा ‘व’ सोपा. पोट गोल, दंड सरळ. नंतर ‘ज्रे’. ‘ज’ची डावी बाजू आधीच खाली वळून येते, तिच्या जवळच ‘र’ची तिरकी रेघ लागते आणि डोक्यावर मात्रा उडते. सुलेखनी वळणात या तिन्ही रेघा जाड असतात. आरेखकानं इथे लक्ष घातलेलं नसेल तर ‘ज’चं वळण आणि ‘र’ची रेघ एकमेकींत अडकून काळा गोळा होतो. हातानं लिहिणारा माणूस अशा ठिकाणी काय करतो? तो ‘ज’चं वळण जरा वर आवरून घेतो आणि रेघेला खाली मोकळी जागा देतो. फाँटमध्येही ‘ज्र’ असा वेगळा काढावा लागतो. ‘ज’वर रेघ चिकटवून भागत नाही.

पुढे ‘श्व’. यात जुन्या बोरूच्या वळणाचा ‘श’ घ्यायचा की आजचा, ‘व’ शेजारी ठेवायचा की पोटाखाली, हा आरेखकाच्या अभिरुचीचा भाग. पण एकदा ठरवलं की ‘श्री’, ‘श्व’, ‘श्च’ या सगळ्यांनी एका घरातले दिसायला हवं, कारण पत्रिकेत ते एकमेकांच्या जवळच येतात. शेवटी ‘री’. शब्द इथे संपतो, पुढे कुणी नाही, म्हणून दुसऱ्या वेलांटीला इथे मोकळीक घेता येते. ती वर जाऊन पुढे लांब झुकली तरी चालते. हीच झुकलेली वेलांटी ‘गरीब’मध्ये आली तर ‘ब’च्या डोक्यात जाते. म्हणजे एका ‘री’चे दोन आकार हवेत, शब्दाच्या मधला आणि शेवटचा. शिवाय देवीचं नाव पत्रिकेच्या माथ्यावर अगदी बारीक टाइपात आणि बहुतेक वेळा सोनेरी शाईत येतं. पडद्यावर नाजूक दिसणारी रेघ छापताना तुटते आणि लहान पोकळ्या शाईनं बुजतात. त्या दिवशी आम्ही चार-पाच फाँट लावून पाहिले. सगळ्यांत नखरेल होता त्यात देवी वाचता येईना. शेवटी जो घेतला तो दिसायला थोडा शांत होता, पण त्यातला ‘ज्र’ स्वच्छ होता.

या अक्षरांमागचा इतिहासही त्याच देवळाच्या आसपास सुरू करता येतो. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि चिमाजी अप्पांच्या नवसातून वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं. त्या मोहिमेची पत्रं मोडीत लिहिली गेली. मोडी हे मराठीचं धावतं अक्षर. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांना लटकवत, हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचं. वेग महत्त्वाचा, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेदही गाळलेला. दफ्तरात बसून आयुष्य काढलेल्या कारकुनांनी या लिपीला वळणं दिली आणि त्या वळणांना नावं पडली: चिटणिशी, बिवलकरी. अक्षर पाहून लिहिणाऱ्याचं घराणं ओळखावं, इतका हाताचा ठसा त्यात होता.

छापखाना आला तेव्हा हा हात धातूत उतरवायचा प्रश्न उभा राहिला. असा प्रयत्न जगात आधीही झाला होता. 1557 मध्ये फ्रान्समध्ये लियाँ इथे रॉबेर ग्रांजाँ या टाइप कोरणाऱ्यानं तेव्हाच्या फ्रेंच हस्ताक्षरावरून टाइप कोरला. तो सुंदर होता, पण पुस्तकांच्या जगात टिकून राहिले ते रोमन आणि इटालिक. आपल्याकडे मिशनरी विल्यम केरी यांचा मराठी शब्दकोश 1810 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला, तो मोडी टाइपात. पण एकमेकांत गुंतणारी, शेजार बदलला की रूप बदलणारी मोडी शिशाच्या सुट्या खिळ्यांना मानवली नाही. अक्षरं सुटी उभी राहणारं बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, त्या कामाला सोयीचं होतं आणि मराठी पुस्तकं बाळबोधात गेली. शिळाछापावर हस्ताक्षर जसंच्या तसं छापता येई. 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं ते याच तंत्रानं. पण त्यात प्रत्येक पान नव्यानं लिहावं लागे.

बाळबोधाच्या टाइपात हाताचं वळण जपलं ते जावजी दादाजी यांनी. अमेरिकन मिशनच्या टाइप फाउंड्रीत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली लहानपणी कामाला लागलेला हा मुलगा पुढे स्वतःची फाउंड्री काढतो आणि 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू करतो. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी ठसे कोरले. पोलादाच्या दांड्याच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिसं ओतायचं. ज्या माणसानं पोलादात बोरूची रेघ कोरली, त्याच्या हाताला काय म्हणावं! निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं उघडून पाहा. रेघ कुठे भरते आणि कुठे सुटते यात लेखणीचा श्वास अजून जाणवतो. पूर्वी उत्तरेत ‘अ’, ‘झ’, ‘ण’ वेगळ्या आकारात छापले जात. पुढे मुंबईचे आकार सगळीकडे प्रमाण झाले. ‘अंबाडी’च्या आरंभी येणारा ‘अ’ आज वाराणसीतही याच रूपात छापला जातो.

त्यानंतरची बरीच वर्षं अक्षर यंत्राच्या मापात बसवण्याच्या खटपटीत गेली. जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांचे खण असत, म्हणून ते कमी करायचे. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी खिळे आटोक्यात आणण्याचा विचार केला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी मांडली (‘इ’, ‘उ’ऐवजी ‘अि’, ‘अु’) आणि ‘किर्लोस्कर’ मासिकानं ती वापरली. या प्रयत्नांमागची निकड खरी होती. मराठी वेगानं आणि स्वस्तात छापली जावी, घरोघरी पोचावी, हा हेतू मोठाच होता. मात्र या काळात वळणदार अक्षर छापखान्यातून बाहेर पडलं आणि रंगवलेल्या पाट्यांवर, नाटकांच्या जाहिरातींत, मासिकांच्या मुखपृष्ठांवर राहायला गेलं. तिथे त्याला कमल शेडग्यांसारखा धनी भेटला. नाटकाचं नाव वाचण्याआधी त्याचा स्वभाव कळावा, असं शीर्षक ते काढत. 2020 मध्ये ते गेले. त्यांचं प्रत्येक शीर्षक एका शब्दासाठी जन्मलेलं होतं.

कोल्हापूरचे र. कृ. जोशी यांनी हाताचं अक्षर आणि यंत्राचं अक्षर यांना एका छताखाली आणलं. स्वतः कवी आणि सुलेखनकार असलेला हा माणूस मुंबईच्या आयआयटीत शिकवत होता आणि पुढे संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फाँट घडवत होता. तलाठ्याच्या संगणकापासून माझ्या शाळेच्या दाखल्यांपर्यंत जो ‘मंगल’ दिसतो, तो त्यांच्या हातचा. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची गती देवनागरीत आणली आणि ‘मुक्तलिपी’ मांडली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सुलेखन शिकणाऱ्या कितीतरी मुलांना आपल्या हौशीला नाव मिळाल्यासारखं वाटलं.

गंमत अशी, की ज्या यंत्रासाठी अक्षराची वळणं छाटली, त्याच यंत्राच्या पुढच्या पिढीनं ती परत दिली. 1998 मध्ये जर्मनीचे हेरमान झाप्फ यांचा ‘झाप्फिनो’ आला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये एका अक्षराची अनेक रूपं फाँटमध्ये ठेवता येतात आणि शेजार पाहून त्यातलं योग्य रूप पुढे येऊ शकतं, हे जगाला दिसलं. रोमन लिपीसाठी ही चैन होती. देवनागरीसाठी ती गरज होती. आता ‘ज्र’ वेगळा काढता येतो, शब्दाच्या शेवटची ‘री’ वेगळी ठेवता येते. मोडीलाही 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. जे शिशाला झेपलं नव्हतं, ते आता जमू शकतं.

मोडी आमच्या भागात कुतूहलापुरती राहिलेली नाही, हेही सांगायला हवं. जमिनीची जुनी खतं, वाटणीचे कागद पेट्यांतून निघतात ते मोडीत असतात. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती उणीव आहे हे राज्याला कळलं. आमच्या घरात पणजोबांच्या वेळचं एक खत आहे. लिहिणारा कुणी कारकून असेल, त्याला आमच्या घराशी काही देणंघेणं नसेल. पण पणजोबांच्या नावातल्या पहिल्या अक्षराला त्यानं जरा जास्त जागा दिली आहे आणि शेवटची रेघ वर उचलून सोडली आहे. बाकी मजकूर भरभर खरडलेला; नाव मात्र थांबून लिहिलेलं. ते पाहिल्यापासून माझी खात्री आहे, की पत्रिकेवरच्या डौलदार अक्षराची हौस नवी नाही. कागद रुक्ष असला तरी नावाशी हात थबकतो.

याच भागातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. तो चौक त्या घरासाठी, त्या लग्नासाठी. आता वारली आकृत्यांचे तयार शिक्के पत्रिकांच्या कोपऱ्यांत सर्रास छापले जातात. ते पाहताना मनात येतं, की हाताचं काम तयार करून ठेवलं की ते सगळ्यांना मिळतं खरं, पण कुणासाठी केलं होतं हे त्यातून पुसलं जाऊ शकतं. अक्षरांचंही हेच होईल, जर घडवणाऱ्यानं आणि वापरणाऱ्यानं काळजी घेतली नाही.

वापरणाऱ्यानं काय काळजी घ्यायची, हे मी आता आलेल्या प्रत्येकाला सांगतो. डौलदार अक्षर नावांना द्या: देवीचं नाव, वधूवरांची नावं, फार तर ‘शुभविवाह’. मुहूर्त, वार, तारीख, विवाहस्थळ, गावाला येण्याची खूण हे सगळं साध्या अक्षरात. साठी ओलांडलेला मामा चष्मा न लावता मुहूर्त वाचू शकला पाहिजे. आवतनाचा पहिला हेतू माणूस वेळेवर पोचणं हा आहे. दोन नखरेल फाँट एका पत्रिकेत आणू नका; दोघंही बोलायला लागतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. शाळेच्या मानपत्रात, निवृत्तीच्या निरोपात सन्मानमूर्तीचं नाव सुलेखनी अक्षरात शोभतं. गुणवर्णनाचा परिच्छेद त्यातच छापला तर कुणी वाचत नाही. नाक्यावरच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकांवर हीच झोकदार अक्षरं येतात, तेव्हा मला वाटतं की दुःखाला स्थिर अक्षर हवं. दहाव्या-तेराव्याची चिठ्ठी आपले वडीलधारे मुद्दाम साध्या कागदावर साध्या टाइपात काढत. त्यामागे जाण होती.

आणि घडवणाऱ्यानं? त्यानं मराठीचा वेगळा विचार करायला हवा. हिंदीसाठी काढलेला फाँट आपल्याकडे सहज चालवून घेतला जातो आणि पत्रिका तिथेच ठेचकाळते. ‘वऱ्हाडी मंडळी’मधला ‘ऱ्ह’ पाहा. ती डावीकडची लहानशी आडवी चंद्रकोर मराठीला पावलोपावली लागते: येणाऱ्या, करणाऱ्या, दुसऱ्या. पुष्कळ शोभेच्या फाँटांत ती नसतेच, किंवा तिच्या जागी भलताच रफार उगवतो. ‘मंगळसूत्र’ आणि ‘स्थळ’ यांच्यातला ‘ळ’ हिंदीला क्वचित लागतो, म्हणून तो घाईनं उरकलेला दिसतो. बाकी सगळी अक्षरं नटलेली आणि ‘ळ’ तेवढा घरच्या कपड्यांत. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे मराठीचे आकार महाराष्ट्र शासनानं 2009 मध्ये निर्णय काढून प्रमाण ठरवले. निर्णयसागरची परंपरा नजरेपुढे ठेवून केलेल्या ‘टायरो देवनागरी मराठी’ या फाँटमध्ये ते नीट आले आहेत, पण तो पुस्तकी मजकुराचा फाँट. सुलेखनी वळणात तर हे दोन आकार सोन्यासारखे आहेत; ‘ल’ची पाकळी लेखणीच्या एका फिरकीत उमलते. ती गाळून दंडाचा ‘ल’ घालणं म्हणजे हाताशी असलेलं सौंदर्य परत करणं.

मुंबईपुण्यात आज मराठी अक्षरांवर जीव लावून काम करणारी तरुण मंडळी आहेत. त्यांचं काम मी जमेल तेवढं पाहतो आणि माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवतो. त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. नवा सुलेखनी फाँट तपासताना ठरीव वाक्यांच्या जोडीला आमच्यासारख्या भागांतली नावं लावून पाहावीत: वज्रेश्वरी, गणेशपुरी, झिडके, दिघाशी, दुगाड, कुडूस. त्यांच्यासोबत ‘चि. सौ. कां.’ लावावं, ‘ज्येष्ठ कन्या’ लावावी, ‘वऱ्हाडी’ लावावं, आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ हेही. प्रत्येक तालुक्याची अशी एक यादी सहज होईल आणि ती करून द्यायला माझ्यासारखे पुष्कळ शिक्षक आनंदानं तयार होतील. माझी यादी मी सुरू केली आहे; मुलं घरून नावं आणतात आणि कुठलं नाव कुठल्या अक्षरात अडतं ते आम्ही फळ्यावर काढून पाहतो.

त्यातून मुलांना एक गोष्ट कळते, जी मला व्याकरणाच्या तासाला कधी इतकी पटवून देता आली नाही. अक्षर कुणीतरी घडवलेलं असतं. प्रत्येक वळणामागे कुणाचा तरी निर्णय असतो, आणि तो निर्णय घेताना त्या माणसानं आपल्या गावाचा, आपल्या नावाचा विचार केला होता की नाही, हे अक्षराकडे पाहून ओळखता येतं. डौल सगळ्यांनाच दाखवता येतो. सोप्या नावांना सुंदर दिसायला फारसं काही लागत नाही. ज्या अक्षरात अवघड जोडाक्षराचं आडनाव, आडवळणाचं गाव आणि देवीच्या नावातला ‘ज्र’ हे सगळे मानानं उभे राहतात, तेच अक्षर सुंदर म्हणायचं. आणि मराठीला अशी अक्षरं मागण्याचा हक्क आहे.